बारशाआधीचा अहवाल

आपल्याकडे मूल जन्माला आले की पुढच्या बारा दिवसांची वाट परंपरेने आखून दिलेली असते. पाचवी पुजायची, सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी विधिलिखित लिहून जाते म्हणून कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवायची आणि बाराव्या दिवशी पाळणा सजवून बाळाला नाव द्यायचे. या विधींकडे कोणी श्रद्धेने पाहील, कोणी कौतुकाने. मात्र नवजात जीवाचे पहिले बारा दिवस निर्णायक असतात, ही जाण त्यांच्यामागे आहे यात शंका नाही. गेल्या साठ वर्षांतील वैद्यकीय संशोधनाने याच दिवसांविषयी एक अत्यंत गंभीर गोष्ट सिद्ध केली आहे. काही जन्मजात आजार असे आहेत, की त्यांचे निदान होऊन पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर मूल चारचौघांसारखे वाढते, शिकते, संसार करते. मुदत टळली तर जगातले कोणतेही औषध त्याची हरवलेली बुद्धी परत आणू शकत नाही. त्यासाठी लागतात टाचेतून घेतलेले रक्ताचे चार-पाच थेंब, एक टिपकागद आणि तो वेळेवर प्रयोगशाळेत पोहोचवणारी माणसे. ज्या देशात दरवर्षी सुमारे सव्वादोन ते अडीच कोटी बालके जन्माला येतात, त्या आपल्या देशात ही तपासणी प्रत्येक बाळाची व्हावी असा कायदा आजही नाही. या उणिवेची चर्चा डॉक्टरांच्या परिषदांपुरती मर्यादित राहावी, इतकी ती लहान नाही.

सर्वांत महत्त्वाचा आजार आहे जन्मजात अवटू-न्यूनता. गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, काही बालकांत तयारच होत नाही, भलत्या जागी असते किंवा पुरेसा स्राव निर्माण करत नाही. हा स्राव अर्भकाच्या मेंदूची वाढ घडवतो. गर्भात असताना आईचा स्राव बाळाला काही प्रमाणात सांभाळून घेतो, त्यामुळे जन्मतः बहुतेक बालके अगदी निरोगी दिसतात. वजन ठीक, रंग ठीक, रडणे ठीक. पुढचे काही आठवडे बाळ जरा जास्त झोपते, कमी रडते, दूध पिताना पेंगते. कावीळ थोडी रेंगाळते, शौचाला त्रास होतो, अंग गार आणि कोरडे लागते. घरातली मंडळी म्हणतात, ‘किती गुणी बाळ आहे, आईला मुळीच त्रास देत नाही.’ ज्या शांतपणाचे कौतुक चाललेले असते, तोच आजाराचा पहिला संकेत असतो. मान धरायला उशीर होतो, बसायला उशीर होतो, तेव्हा ‘काही मुले सावकाश वाढतात’ अशी समजूत घातली जाते. निदान होते तोवर सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लोटलेला असतो.

हा उशीर किती महाग पडतो, याचा हिशेब १९७२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. ज्या बालकांवर पहिल्या तीन महिन्यांत उपचार सुरू झाले, त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ८९ आढळला. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान उपचार मिळालेल्यांचा ७१ आणि सहा महिन्यांनंतर मिळालेल्यांचा केवळ ५४. आजार एकच, औषधही एकच. फरक होता तो फक्त दिवसांचा. आज पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झालेली मुले साधारणपणे आपल्या भावंडांच्या बरोबरीने शिकतात. औषध म्हणजे थायरॉक्सिनची एक छोटी गोळी, कुटून आईच्या दुधात किंवा पाण्यात कालवून रोज द्यायची. खर्च दिवसाला काही रुपये. लोह किंवा कॅल्शियमच्या औषधाबरोबर ती देऊ नये आणि ठरल्या वेळी रक्त तपासून मात्रा जुळवून घ्यावी, एवढे पथ्य. तिसऱ्या वर्षानंतर डॉक्टर औषध थांबवून पुन्हा तपासणी करतात आणि काही मुलांना त्यापुढे गोळीची गरजही उरत नाही.

भारतात हा आजार दुर्मीळ असावा, असा समज पुष्कळ वर्षे होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या पाच केंद्रांत एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली, तेव्हा हा समज पार कोसळला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर ११३० बालकांमागे एकास अवटू-न्यूनता आढळली. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण सामान्यतः दोन ते चार हजारांमागे एक असे सांगितले जाते. सव्वादोन कोटींहून अधिक जन्मांना या प्रमाणाने भागले, तर वर्षाला सुमारे वीस हजार बालके होतात. यांतील प्रत्येक मूल शाळेत जाऊ शकते, आणि प्रत्येक मूल आयुष्यभर दुसऱ्याच्या आधारावर जगण्याचीही शक्यता असते. कोणती शक्यता खरी ठरेल, हे नशिबावर सोपवण्याचे आता काही कारण उरलेले नाही.

हे शास्त्र उभे कसे राहिले, याचा इतिहास उद्बोधक आहे, कारण त्याच्या प्रत्येक टप्प्यावर एखादा आईबाप उभा दिसतो. १९३४ साली नॉर्वेत एक माता आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन डॉ. आस्ब्यर्न फ्योलिंग यांच्याकडे गेली. मुलांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येतो, हे तिने पुष्कळ डॉक्टरांना सांगितले होते आणि कोणी ते मनावर घेतले नव्हते. फ्योलिंग हे वैद्यही होते आणि रसायनशास्त्रज्ञही. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले, तो ती हिरवी झाली. पुढच्या चिकाटीच्या संशोधनातून फेनिलकीटोन्युरिया, संक्षेपाने ‘पीकेयू’, या आजाराचा शोध लागला. अन्नातील फेनिलअॅलॅनिन हे अमायनो आम्ल या मुलांना पचवता येत नाही, ते रक्तात साचते आणि मेंदूला घातक ठरते. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या लेखिका पर्ल बक यांची कन्या याच आजाराची बळी होती. मुलीच्या वाढत्या वयात त्या प्रख्यात मातेलाही आजाराचे नाव कोणी सांगू शकले नव्हते.

नाव कळले, तरी उपाय नव्हता. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात एका मुलीची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहून विचारत असे, की माझ्या मुलीसाठी काही सापडले का? डॉ. हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेनिलअॅलॅनिन अत्यल्प असलेला आहार तयार केला आणि १९५३ साली त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. मुलीत सुधारणा दिसली, पण मेंदूचे झालेले नुकसान भरून निघाले नाही. उपाय सापडला होता, पण तो जन्मानंतर लगेच सुरू झाला तरच पुरता उपयोगी होता. आता प्रश्न उरला, की लाखो निरोगी दिसणाऱ्या अर्भकांतून हे एक मूल शोधायचे कसे?

उत्तर दिले रॉबर्ट गथ्री या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने. त्यांचा स्वतःचा मुलगा बौद्धिकदृष्ट्या अक्षम होता आणि त्यांच्या पत्नीच्या बहिणीच्या मुलीला पीकेयू असल्याचे निदान ती सव्वा वर्षाची झाल्यावर झाले. दोन्ही घरांतील दुःख त्यांनी प्रयोगशाळेत नेले. टाचेतील रक्ताचा थेंब टिपकागदावर वाळवायचा, त्याची छोटी चकती जिवाणूंच्या थाळीत ठेवायची आणि चकतीभोवती जिवाणू किती वाढतात ते पाहायचे, अशी ती साधी पद्धत. वाळलेला थेंब टपालाने पाठवता येतो, ही त्यातील खरी क्रांती. अमेरिकेत २९ राज्यांतील सुमारे चार लाख अर्भके तपासण्यात आली, त्यांत ३९ मुले सापडली. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९६३ साली ही तपासणी कायद्याने बंधनकारक केली. पुढे तपासणीचा संच एका कंपनीमार्फत कित्येक पट किमतीला विकला जाईल अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा गथ्री स्वतःच त्याविरुद्ध उभे राहिले. प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत गेले आणि कंपनीचा एकाधिकार टळला. लोकहिताचा शोध बाजाराच्या ताब्यात जाऊ नये, यासाठी संशोधकानेच झगडण्याचे हे उदाहरण आजही विसरण्याजोगे नाही.

गथ्रींच्या टिपकागदाने पुढे अनेक दारे उघडली. कॅनडातील क्वेबेक प्रांतात डॉ. ज्याँ द्यूसो यांनी त्याच वाळलेल्या थेंबातून थायरॉइडचा स्राव मोजण्याची पद्धत शोधली आणि १९७४ साली तेथे तपासणी सुरू झाली. १९९० च्या दशकात टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री नावाचे तंत्र आले आणि एकाच चकतीतून तीस-चाळीस चयापचय विकारांचा माग काढणे शक्य झाले. नवजात बालकांची तपासणी केवळ बुद्धीच नव्हे, प्राणही वाचवते हे मात्र सिद्ध केले सिकलसेलने. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिकलसेल असलेल्या २१५ लहान मुलांपैकी निम्म्यांना रोज पेनिसिलिन तोंडावाटे दिले गेले, उरलेल्यांना नाही. गंभीर जंतुसंसर्ग औषध न मिळालेल्या ११० मुलांपैकी १३ जणांना झाला, औषध मिळालेल्या १०५ पैकी केवळ दोघांना. फरक इतका स्पष्ट होता, की प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. म्हणजे सिकलसेल बरा करणारे औषध हाती नसतानाही, आजार पहिल्या महिन्यांत कळला तर मूल वाचते.

हे सगळे परदेशात घडले आणि आपण हात बांधून बसलो, असे मात्र नाही. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. अप्पाजी राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कर्नाटकातील सुमारे एक लाख अर्भकांची तपासणी केली. त्याच काळात मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. मीना देसाई यांनी अवटू-न्यूनतेच्या तपासणीचा पाया घातला. सरकारी निधी तुटपुंजा, यंत्रे मोजकी, आणि ‘आपल्या देशाला हे परवडणारे नाही’ असे सांगणारे पुष्कळ, अशा परिस्थितीत या मंडळींनी काम केले. गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर नवजात तपासणीचा उपक्रम हाती घेतला. केरळने २०१२-१३ च्या सुमारास सरकारी रुग्णालयांत चार आजारांसाठी ती सुरू केली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांतील तीस आजार वा दोष शोधण्याची ती योजना. अवटू-न्यूनता, सिकलसेल आणि थॅलसेमिया हे तिन्ही त्या यादीत आहेत, पण ‘ऐच्छिक’ या शीर्षकाखाली. वर्षाला वीस हजार मुलांचा प्रश्न ऐच्छिक कसा ठरू शकतो?

याचे एक प्रामाणिक उत्तर पूर्वी होते. १९९७ साली भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे ७१ बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. जुलाब, न्यूमोनिया, धनुर्वात यांनी मुले मरत असताना दुर्मीळ वाटणाऱ्या आजारांवर पैसा घालवणे योग्य नव्हे, असे आरोग्य खात्याचे म्हणणे असे आणि त्यात तथ्य होते. शिवाय २००५-०६ मध्ये दहापैकी चारच प्रसूती रुग्णालयांत होत. झोपडीत, शेतावर, पाड्यावर जन्मलेल्या बाळाच्या टाचेपर्यंत तंत्रज्ञ पोहोचणार तरी कसा? परंतु ही परिस्थिती आता मागे पडली आहे. बालमृत्यूचे प्रमाण २०२० साली २८ वर आले. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. आशा कार्यकर्ती घरोघर जाते, पोलिओची लस देशाच्या शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचवण्याचा विक्रम आपण केला आहे. जुने कारण गेले, जुनी सबब मात्र राहिली.

इतर देशांकडे पाहा. जपानने १९७७ साली ही तपासणी देशभर लागू केली. आपल्याइतकीच प्रचंड लोकसंख्या असलेल्या चीनने १९९४ साली माता-बालक आरोग्याच्या कायद्यात तिचा समावेश केला. बेटाबेटांत विखुरलेल्या, आपल्याहून फार श्रीमंत नसलेल्या फिलिपिन्सने २००४ साली स्वतंत्र कायदा केला. यातील एकाही देशाने आधी श्रीमंत होऊ आणि मग मुले वाचवू, असा क्रम लावला नाही. एक-दोन आजारांपासून आरंभ करायचा, व्यवस्था बसवायची, मग यादी वाढवायची, हाच त्यांचा मार्ग होता.

आपल्याकडे घडते आहे नेमके उलटे. महानगरांतील खासगी प्रसूतिगृहांत काही हजार रुपयांत ‘पन्नासहून अधिक आजारांची तपासणी’ अशी पाकिटे विकली जातात. ज्यांना परवडते ते घेतात, आणि त्यांत गैर काही नाही. परंतु पन्नास आजारांपैकी किती आजारांना आपल्याकडे औषध आणि विशेष आहार उपलब्ध आहे, संशयास्पद अहवालानंतर पालकांनी कुठे जायचे, हे सांगायला तेथे कोणी असतोच असे नाही. आणि त्याच वेळी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जन्मलेल्या बाळाची एकच साधी टीएसएच चाचणी, जिच्यामुळे वीस हजारांतील एक मूल वाचले असते, होत नाही. एकीकडे पन्नास, दुसरीकडे शून्य. ही विषमता पैशाची म्हणून तर टोचतेच, पण त्याहून अधिक ती विवेकाच्या अभावाची म्हणून टोचते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ सालीच निकष घालून दिले आहेत. आजार महत्त्वाचा असावा, लक्षणे दिसण्यापूर्वी ओळखता यावा, त्यावर मान्य उपचार असावा आणि उपचाराची सोय उपलब्ध असावी. या निकषांवर अवटू-न्यूनता निर्विवादपणे पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होते. तिच्या जोडीला अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात विकार येतो, ज्यात क्षारांचा तोल बिघडून नवजात बाळ दोन-तीन आठवड्यांत दगावू शकते. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या त्याच अभ्यासात त्याचे प्रमाण ५७६२ मागे एक आढळले. तिसरी जी-सिक्स-पीडी या द्रव्याची न्यूनता. हे ज्या बाळात कमी आहे, त्याच्या कपड्यांत आपण हौसेने ठेवलेल्या डांबरगोळ्यासुद्धा तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होण्यास कारण ठरू शकतात. इथे तर औषधही नको, नुसती माहिती पुरे.

आणि चौथा सिकलसेल. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या वनवासी पट्ट्यात, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या भागांत या आजाराने पिढ्यान्‌पिढ्या घरे पोखरली आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ केला. सतरा राज्यांतील शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र एक तांत्रिक बाब कार्यकर्त्यांनी ध्यानात घेतली पाहिजे. पाड्यावर मोठ्या माणसांसाठी वापरली जाणारी सोपी विद्राव्यता चाचणी पहिल्या सहा महिन्यांच्या बाळावर भरवशाची नसते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच प्रामुख्याने असते. नवजात बाळाला अधिक अचूक चाचणीच लागते. पेनिसिलिन, लसी आणि आईला दिलेली धोक्याची चिन्हांची माहिती, हे पहिल्या महिन्यांत पोहोचले पाहिजे. शिबिरात तिसऱ्या वर्षी आजार सापडला, तर तोवर किती मुले तापाने गेली हे कोणत्याच नोंदवहीत सापडत नाही.

अडचणी नाहीत असे नाही. जन्मानंतर पहिल्या दिवशी प्रत्येक बाळाच्या रक्तात टीएसएच वाढलेलेच असते, म्हणून रक्त ४८ तासांनंतर घेणे योग्य. पण आपल्याकडे गर्दीच्या रुग्णालयांतून माता चोवीस तासांत घरी जाते. यावर नाळेतील रक्त वापरण्याचा पर्याय भारतीय तज्ज्ञांनी पुढे आणला आहे आणि अवटू-न्यूनतेसाठी तो उपयोगी ठरतो. पावसाळ्यात टिपकागद नीट वाळत नाही, टपाल उशिरा पोहोचते, भ्रमणध्वनी क्रमांक चुकीचा असतो, बाळंतीण पहिल्या गावाहून माहेरी आणि माहेराहून सासरी गेलेली असते. ज्या बाळाचा अहवाल संशयास्पद आला, ते पुन्हा सापडतच नाही, असे अनेक प्रकल्पांना अनुभवास आले. चाचणीपेक्षा पाठपुरावा कठीण, हा जगभरचा धडा आहे. म्हणून केवळ यंत्रे विकत घेऊन हा प्रश्न सुटणार नाही. अहवाल आला, आईला कळला, पुन्हा तपासणी झाली आणि गोळी सुरू झाली, या चारही कड्या बाराव्या दिवसापर्यंत जोडल्या गेल्या, तरच तपासणी झाली असे म्हणावे. निदान सांगायचे आणि उपचार द्यायचे नाहीत, ही पालकांशी केलेली क्रूर थट्टा होईल.

आणखी एका धोक्याविषयी बोलले पाहिजे. आनुवंशिक माहिती ही दुधारी असते. सिकलसेलचे रेण्वीय रहस्य उलगडणारे, दोनदा नोबेल मिळवणारे लायनस पॉलिंग यांनी १९६८ साली असे सुचवले होते, की या जनुकाच्या वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहकांचे विवाह टळतील. एवढ्या थोर शास्त्रज्ञाला इतकी अमानुष कल्पना सुचावी, हे विज्ञानाच्या अहंकाराचे उदाहरण आहे. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या सक्तीच्या तपासण्यांतून निरोगी वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारला गेला. टेक्सास राज्यात पालकांच्या संमतीविना साठवलेले नवजात बालकांचे पन्नास लाखांहून अधिक रक्तनमुने २००९ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर नष्ट करावे लागले. आता तर अर्भकाचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचण्याचे प्रयोग सुरू आहेत. न्यूयॉर्क येथे २०२२ पासून आणि ब्रिटनमध्ये एक लाख बालकांचे उद्दिष्ट ठेवून असे अभ्यास हाती घेण्यात आले. त्यातून पुष्कळ ज्ञान मिळेल. परंतु चाळिसाव्या वर्षी कदाचित होईल अशा आजाराचे सावट पाळण्यातल्या बाळावर टाकण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न शास्त्राने एकट्याने सोडवायचा नाही. नवजात तपासणीचा कायदा करताना पालकांची संमती, माहितीची गुप्तता आणि नमुन्यांची साठवण यांविषयी स्पष्ट तरतुदी पहिल्याच दिवशी हव्यात.

कपाळावरची खूण आपल्याकडे गोंदावी लागत नाही, समाज ती आपोआप उमटवतो. बाळात दोष निघाला की बोट प्रथम आईकडे वळते. ‘हिच्या माहेरचे काहीतरी असेल’ हे वाक्य सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. या बहुतेक आनुवंशिक विकारांत दोष आई आणि वडील या दोघांकडून समान आलेला असतो, आणि अवटू-न्यूनतेत तर बहुधा तो कोणाकडूनच आलेला नसतो. मुलगी असेल तर रोजची गोळीही ‘उद्या तिच्या लग्नाचे काय’ म्हणून लपवली जाते आणि मग हळूहळू बंद होते. सिकलसेलचा वाहक हा रुग्ण नव्हे. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भारपणी चारात एक शक्यता आजाराची असते, एवढेच त्याला समजावून सांगायचे असते. हे काम शासनाच्या परिपत्रकाने होणार नाही. ते ज्याच्या शब्दावर वस्तीचा विश्वास आहे, अशा माणसाने ओट्यावर बसून करायचे असते.

म्हणूनच या विषयात शासनाइतकीच जबाबदारी समाजाची आहे. शासनाने अवटू-न्यूनता ‘ऐच्छिक’ यादीतून काढून देशातील प्रत्येक प्रसूतीसाठी अनिवार्य करावी. प्रत्येक महसुली विभागात एक सक्षम प्रयोगशाळा आणि प्रत्येक जिल्ह्यात अहवालाचा पाठपुरावा करणारा एक उत्तरदायी अधिकारी असावा. थायरॉक्सिन प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य आणि अखंड मिळावे. ही व्यवस्था रुळली की अधिवृक्क विकार आणि जी-सिक्स-पीडी, आणि सिकलसेलच्या पट्ट्यात सिकलसेल, अशी यादी क्रमाने वाढवावी. यंत्रे आणि रसायने देशातच स्वस्तात तयार व्हावीत, यासाठी संशोधनाला पैसा द्यावा. मतिमंदत्व आलेल्या एका मुलाच्या आयुष्यभराच्या सांभाळाचा खर्च मांडला, आणि घरी बसून राहिलेल्या त्याच्या आईच्या कष्टांचा त्यात समावेश केला, तर हजारो टिपकागदांचा खर्च त्यापुढे नगण्य वाटेल.

समाजाच्या बाजूने करण्याजोगे काम तर आजपासूनच सुरू होऊ शकते. आपल्या घरात, आपल्या वस्तीत जिला दिवस गेले आहेत, तिच्या प्रसूतीपूर्वी डॉक्टरांना एवढेच विचारावे, की बाळाची थायरॉइडची चाचणी होणार आहे ना, आणि अहवाल कधी मिळेल? सरकारी रुग्णालयात उत्तर ‘नाही’ आले, तर रुग्ण कल्याण समितीत तो विषय मांडावा. वनवासी पाड्यांवर आरोग्यसेवेचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी नवजात बालकांच्या नोंदीत चाचणी झाली की नाही याचा एक रकाना वाढवावा. माहेरी गेलेल्या बाळंतिणीचा अचूक पत्ता आणि दूरध्वनी मिळवून देणे, हीसुद्धा सेवाच आहे. ज्या घरात अशी गोळी सुरू आहे, तेथे चौकशी करताना दयेचा सूर न लावता धीर द्यावा. मधुमेही माणूस गोळी घेऊन कामाला जातो, तसेच हे मूल गोळी घेऊन शाळेत जाणार आहे.

बारशाच्या दिवशी आप्तेष्ट जमतात, बाळाच्या कानात नाव सांगितले जाते, आशीर्वाद दिले जातात. त्या दिवसापर्यंत बाळाच्या रक्ताचा अहवालही घरात आलेला असावा, अशी रीत आपण पाडली पाहिजे. सटवाईच्या लेखणीवर आपली सत्ता नाही, परंतु जे विधिलिखित एका गोळीने बदलता येते, ते बदलण्याची संधी आपल्या आळसामुळे हुकली, तर तिला दोष देता येणार नाही.